उपाशी जिवाणू आणि बाबांचा पाय

त्या पावसाळ्यात इस्पितळ आणि प्रयोगशाळा यांच्यामध्येच माझं जगणं चाललं होतं. आमोणे गावातल्या आमच्या शेतात बाबांच्या पायात गंजकी सळी घुसली. मधुमेह आधीचाच, जखम चिघळली. दोन औषधं झाली तरी पू थांबेना. सकाळी त्यांना बिनसाखरेचा चहा आणि पाव देऊन मी बस धरायची. उभ्या उभ्या डोळे मिटायचे.

जिवाणू आजूबाजूला पडलेला डीएनए कधी आत घेतात, हे शोधणं माझं काम. मातीतला एक निरुपद्रवी जिवाणू वाढवायचा, औषधातून तगवणाऱ्या जनुकाचा डीएनए त्याला द्यायचा आणि ते औषध घातलेल्या बशीत त्याला पसरायचं. डीएनए घेतलेलेच वाढणार. कित्येक आठवडे माझ्या बशा कोऱ्या निघत होत्या.

एका दुपारी बाबांनी विचारलं, "गो बाय, औषध लागू कित्याक पडना?"

"का म्हणजे, त्या जंतूंना औषधातून वाचायची युक्ती मिळालीय, बाबा. काही जंतू ती मेलेल्या जंतूंच्या डीएनएतून उचलतात. तुमच्यातल्यांनी कुठून मिळवली, ते मला नाही सांगता येणार."

"सदांच उचलतात?"

"माझे तरी नेहमी नाही उचलत. पोटभर खाणं असलं की ढुंकूनही बघत नाहीत. गर्दी झाली, खाणं संपत आलं, की त्यांनीच सोडलेलं इशाऱ्याचं रसायन साचतं. मग त्यांतले थोडेच डीएनए घ्यायला तयार होतात, तेही थोडा वेळ."

"मगे तू तांकां उपाशी ठेवता?"

"ठेवते. पण वेळ साधत नाही."

बाबा हसले. मला हसायचंही त्राण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पायाची दोन बोटं काढली आणि तिसरं औषध सुरू झालं. संमतीची सही मीच केली. प्रयोगशाळेत मी जिवाणूंची वाढ मंदावेपर्यंत थांबले आणि मग थोड्या थोड्या वेळानं वेगवेगळ्या नळ्यांत डीएनए घातला. एका बशीत मोजकेच पांढरे ठिपके उगवले. डीएनए न दिलेल्या जिवाणूंची बशी कोरीच होती.

"पुन्हा करून दाखव," माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. मी मान डोलावली.

संध्याकाळी इस्पितळात गेले तर पू थांबला होता, ताप उतरला होता. ठिपक्यांचं सांगितलं.

"थोडेच?"

"थोडेच."

"बरें. शेतात साचलेलं पावसाचं पाणी कोणी काढलं?"

मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकांना फोन लावून मी तो बाबांच्या हातात दिला आणि खाटेच्या कडेला डोकं टेकलं.