झोपेची कमांड

खोपटला आमच्या चाळीत एसटीचे ड्रायव्हर राहतात. रात्रपाळी करून आलं की दिवसा डोळा लागत नाही, म्हणतात. मला सैन्यात झोपायला शिकवलं, हे सांगितलं की हसतात. म्हणून लिहितोय.

मी तेव्हा सॅपर, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलातला जवान, लान्स नाईक गायकवाड. पोस्टिंग सीमेवरच्या एका खोऱ्यात. काम जमिनीत पुरलेल्या माइन्स, म्हणजे सुरुंग, काढायचं. सेक्शन कमांडर हवालदार दत्ता शेलार, साताऱ्याकडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. "थकलेला हात थरथरतो," ते सांगायचे. "झोप ही ड्युटी आहे." दुपारी जेवणानंतर आम्हाला तंबूत आडवं करून परेडसारखी कमांड द्यायचे. "कपाळ सैल. जबडा सैल. खांदे जमिनीवर सोडा. श्वास सावकाश बाहेर. विचार आला तर येऊ दे, त्याच्यामागे जाऊ नका."

एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि जुन्या माइन्स वाहून खाली आल्या. एका सकाळी नाल्यात माइन फुटून गस्तीवरच्या इन्फन्ट्रीच्या जवानाचा पाय गेला. सोबत्याने पट्टा आवळून रक्त थांबवलं, पण आजूबाजूला आणखी माइन्स असतील म्हणून दोघांनाही जागचं हलता येत नव्हतं. त्यांच्यापर्यंत जायची अरुंद वाट, म्हणजे लेन, साफ करायला उस्ताद स्वतः पुढे झाले. मला म्हणाले, "अर्ध्यावरून तू घ्यायचं. तोवर झोप."

"उस्ताद, आत्ता?"

"ऑर्डर आहे."

दगडाआड आडवा झालो. जखमीचं कण्हणं ऐकू येत होतं. जबडा सोडला, खांदे सोडले, श्वास सोडत राहिलो. कधी झोप लागली, कळलं नाही.

रेडिओवर उस्तादांचा आवाज आला. "गायकवाड, चल."

उठलो. हात स्थिर होते. पालथा पडून सळईने वीत वीत जमीन तपासत सरकलो. दोन माइन्स लागल्या, दोन्ही काढल्या.

"लेन क्लिअर. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

जवान वाचला.

पुढे त्याच खोऱ्यात, गावाकडची वाट साफ करताना माइन फुटून उस्ताद गेले. कंपनी कमांडर म्हणाले, "उरलेलं काम दुसऱ्या सेक्शनला देतो."

"नाही साब," मी म्हणालो. "आम्हीच करू."

सेक्शनला तंबूत आडवं केलं. कमांड मी दिली. एकेकाचा श्वास लांबत गेला. सगळे झोपल्यावर मी बाहेर येऊन बसलो. दुसऱ्या दिवशी वाट पूर्ण केली.

आज त्या वाटेने गावातली मुलं शाळेत जातात. मराठी तिथे कोणालाच येत नाही. पण वाटेला सगळे 'शेलार का रास्ता' म्हणतात.