भाचेसाहेब, हात लाल हायत

माझ्या पदवीच्या कागदावर नाव माझं आहे, पण ती पदवी कमलआत्याची. आईबाप ऊसतोडीला जायचे. शाळा बुडू नये म्हणून आत्यानं मला जळकोटला स्वतःजवळ ठेवून घेतलं आणि लोकांच्या रानात खुरपून नांदेडच्या कॉलेजपर्यंत पोचवलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याशीच येऊन थांबतं.

दुसरं म्हणजे आम्ही बौद्ध. भूत, भानामती, उतारा... आमच्या घरात यातलं काहीच नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की आत्या म्हणायची, "पोटभर जेवू घाला, उतरंल." मी आजही काही मानत नाही. घडलं ते फक्त लिहितोय.

आत्याचे यजमान मी पहिलीत असताना गेले; आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. औशाकडं कुठल्याशा द्राक्षमळ्यात मजुरीला गेले होते, परत टेम्पोतून प्रेतच आलं. सोबत आलेला माणूस म्हणाला, दारू पिऊन मेला. विषय संपला. मामांचे हात मेंदी लावल्यासारखे लाल होते. आत्यानं साबणानं घासले, रंग निघाला नाही.

तेव्हापासून ती दारुड्याची बायको झाली. विहारात ती मागच्या भिंतीला टेकून बसते. पंचशील सुरू झालं की चार शीलं सगळ्यांबरोबर म्हणते. पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं, आलं की गप्प होते. कधीतरी त्याच वेळी पुढच्या बायका मागं वळून हसल्या होत्या.

मी थेंबही घेत नाही, ते तिच्यासाठी.

मागच्या ऑक्टोबरात आमच्या ऑफिसची सहल निघाली. लातूरच्या पुढं, औशाच्या बाजूला, द्राक्षमळ्यात एक छोटं हॉटेल झालंय. मोजक्या खोल्या, काळ्या दगडाच्या भिंती, खिडकी उघडली की थेट वेली, आणि मागं स्वतःची वाईन. एवढ्या मऊ गादीवर मी कधी झोपलो नव्हतो. मनात आलं, एकदा आत्याला इथं आणायचं.

दुपारी मळा बघायला गेलो. छाटणी झालेली होती. वेलीचे डोळे, म्हणजे नवे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून बायका काड्यांना फडक्यानं लाल पेस्ट लावत होत्या. माझा सहकारी सचिन म्हणाला, "इंजिनेर सायेब, आता तुम्हाला हे जमायचं न्हाई."

मी एका मावशींच्या हातातलं फडकं घेतलं.

"हातमोजं घाला की," त्या म्हणाल्या.

"मावशी, आमच्या खानदानात कुणी हातमोजे घातलेत का?"

त्या हसल्या. "मग लावा. पर लवकर आवरा, मुकादम बघून राहिला."

मी अख्खी ओळ लावली. अभिमानानं. फोटोसाठी सचिननंही उघड्या हातानं थोडी लावली. नंतर हात धुतले, पण रंग तसाच राहिला.

ऊन उतरताना सगळे वाईन चाखायला जमलो. लाकडी पिंपांची थंडगार खोली. आमचे साहेब माझ्या हातात ग्लास देत म्हणाले, "अरे, द्राक्षाचा रस आहे. किती दिवस आत्याला घाबरणार?" सगळे हसले. मला लाज वाटली. एक घोट — एवढंच ठरवून ग्लास ओठाला लावला.

"भाचेसाहेब."

उजव्या बाजूला, पिंपापाशी कुणीतरी उभं होतं. मळकी बंडी, कोपरापर्यंत लाल हात. वाटलं, मजूर आत आलाय. चेहरा मी पाहिलाच नाही... हातांवरून नजर हटेना.

"हात लाल हायत. आज पिऊ नका."

मी ग्लास खाली ठेवला. वळलो तर पिंप आणि भिंत. त्या बाजूला दारच नव्हतं.

"सचिन, पिऊ नको," मी ओरडलो.

"काय, आत्याचा फोन आला का?" त्यानं रिकामा ग्लास दाखवला.

थोड्याच वेळात त्याचं तोंड लालभडक झालं. श्वास ओढायला लागला आणि तो बसल्या जागी कोसळला. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी त्याचे हात पाहिले, मग माझे. "पेस्ट लावली होती? उघड्या हातानं? त्यावर दारू चालत नाही हो, जीव जातो माणसाचा."

सचिन वाचला. कसाबसा.

मी तिथंच बाकावर बसून माझ्या हातांकडं बघत राहिलो. मामांचे लाल हात मला लहानपणापासून ऐकून माहीत होते. त्या रंगाचा अर्थ मात्र त्या संध्याकाळपर्यंत कुणालाच माहीत नव्हता — ना मला, ना आत्याला. आणि मला 'भाचेसाहेब' म्हणणारा माणूस एकच होता, मामा. ते राबले तो मळा हाच का, हेही कळलं नाही; जमीन दोनदा विकली गेलीय म्हणे. डॉक्टरांना पेस्टचं माहीत होतं. पिंपापाशी कोण होतं, ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आत्याला फोनवर सांगितलं असतं, पण रडू येणार असं वाटलं की ती फोन ठेवते. चौथी शिकलेली आहे, वाचता येतं. म्हणून लिहिलं:

"आदरणीय आत्या, जयभीम.
मी बरा आहे. मामा प्यायले असतील घोटभर, दिवसभर राबल्यावर सगळेच घेत असतील. तेवढ्यानं माणूस मरत नाही. त्यांच्या हातावर होतं ते द्राक्षाच्या काड्यांना लावायचं औषध होतं, आणि त्यावर पिऊ नये हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. कुणी, ते घरी आल्यावर सांगतो, हसू नको.
येत्या पौर्णिमेला मी येतोय. विहारात आपण पुढं बसू. पाचवं शील तू मोठ्यानं म्हण.
तुझा,
भाचेसाहेब"