"आहे, थोडा थोडा" म्हणणारा हेडली

हेडली,

पहिल्याच ओळीला मला राग आलाय, तेव्हा गोड मायना शोधत बसत नाही. तुझ्या लेकीने, थर्झाने, फोनवर सांगितलं की तू अजून तिथे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला अल्बर्टात, नातवाला शाळेत सोडतोस, दुपारभर टीव्हीवर हॉकी बघतोस आणि कुणी विचारलं तर "बरं चाललंय" म्हणतोस. मरताना डॉक्टरने विचारलं तरी तू "बरं चाललंय" म्हणशील आणि तो बिचारा तुला घरी पाठवून देईल.

हे पत्र मी छापायला देणार आहे. म्हणून तुला ठाऊक असलेलंही लिहिणार. कंटाळा आला तर गाळून वाच, शाळेतही तू तेच करायचास.

आपल्या गावच्या, टिंकर्स आर्मच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. मी पुढे सेंट जॉन्सला कॉलेजात गेले आणि पदवी घेऊन त्याच शाळेत शिकवायला परत आले. तू पाचवीतून उठलास आणि बापाच्या होडीत जाऊन बसलास. तेव्हापासून सगळं गाव मला अदबीने "बाई" म्हणतं आणि तू चिडवायला म्हणतोस. बुटका, रुंद खांद्यांचा, रबरी कोट घासून मनगटाला गळवं येऊ नयेत म्हणून दोन्ही हातांत पितळी साखळ्या घातलेला. गावातल्या ज्या घरी होडी नाही, त्या घराच्या दारातल्या खिळ्याला सकाळी मासा टांगलेला असायचा. कुणी टांगला ते सगळ्यांना माहीत होतं. आभार मानायला गेलं की तू म्हणायचास, "मांजराने आणून ठेवला असेल." असला तू. भला माणूस. म्हणूनच तर जास्त राग येतो.

आपल्याकडे मासा म्हणजे कॉड. बाकीच्यांना त्यांची त्यांची नावं आहेत. मासा धरायला किनाऱ्यालगत ट्रॅप लावायचा. ट्रॅप म्हणजे पाण्यात उभी केलेली जाळ्याची खोली, तिला भिंती, तळ आणि दार, फक्त छप्पर नाही. कुणी कुठे लावायचा त्याच्या चिठ्ठ्या वसंतात हॉलमध्ये काढायच्या. चांगली जागा मिळाली की वर्षभर मिरवायचं आणि शेजारच्या होड्यांवरच्या टोळ्यांनी वर्षभर जळायचं.

आणि धक्क्यावरचा तो प्रश्न! होडी परत आली की वरून कुणीतरी हाक मारणार, "मासा आहे का रे?" खालून उत्तर एकच: "आहे, थोडा थोडा." होडी काठोकाठ भरून पाणी आत यायला आलं तरी थोडा थोडा, कारण खरं सांगितलं तर उद्या सगळे तुमच्या जागेच्या आसपास घिरट्या घालतील. आणि जाळ्यातून नुसतं पाणी निघालं तरीही थोडा थोडा, कारण रिकाम्या हाताने आलेल्या कप्तानाला कोण विचारतो? तुझा बाप हेच म्हणायचा, आजाही. मला लहानपणी यात फार गंमत वाटायची. पुढे वाटेनाशी झाली.

शहाऐंशी सालच्या वसंतात मी तुझ्या गोदामात आले होते. शेगडीजवळ बसून तू नवं जाळं विणत होतास. भोकं सारखी यावीत म्हणून जी लाकडी पट्टी गाठींमध्ये धरतात, ती नवीन दिसली.

"ही केवढीशी रे पट्टी? तुझ्या बापाची तर तळहाताएवढी होती."

"मासा लहान झाला, पट्टी लहान झाली."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तुझ्या स्वयंपाकघरातली पिठाची चाळण देशील का, बाई?"

हसलास. मी हसले नाही. तुझ्या बापाकडे एक ट्रॅप होता, तुझ्याकडे तीन झाले होते. त्याची होडी धक्क्यावरून दिसायची, तुझी टोकाला वळसा घालून नाहीशी व्हायची. दुप्पट इंजिन, तिप्पट जाळं, निम्मी भोकं, आणि एवढं करून मासा बापाएवढाच. म्हणजे समुद्रात काय उरलं असेल, ते कळायला कॉलेजात जावं लागत नाही. तुलाही कळत होतं, मलाही. प्रश्न ते बोलायचा होता.

कारण मर्यादा तिकडे राजधानीत ठरत होती. यंदा एकूण किती टन मासा मारायचा, त्यातला मोठ्या ट्रॉलरना किती, आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्यांना किती. ती कशावरून ठरायची? बरीचशी ट्रॉलरच्या जाळ्यांवरून. ट्रॉलर तासभर जाळं ओढतो, भरून निघतं, म्हणजे समुद्र भरलेला! अरे, मासा कमी झाला की उरलेला एका जागी गोळा होतो आणि ट्रॉलरचं यंत्र नेमकी तीच जागा दाखवतं. गावातली सगळी माणसं चर्चमध्ये जमली असताना तिथली डोकी मोजून गाव गजबजलेलं आहे म्हणायचं, तशातली गत.

त्या शरद ऋतूत मत्स्यखात्याकडून शास्त्रज्ञ डॉ. लोवेल आला. काटकुळा, सभ्य, सर्दी झालेला. माझ्याकडेच उतरला होता. मी त्याला खारवलेला मासा आणि भिजवलेली कडक बिस्किटं वाढली, वर तळलेली चरबी. तो बशी पुसूनपुसून खात होता आणि सांगत होता, "बाई, मला स्वतःला हे आकडे पटत नाहीत. माझ्या मते मर्यादा निम्म्यावर आणायला हवी. पण वर म्हणतात, किनाऱ्यावरचे लोक तर काही तक्रार करत नाहीत. उद्या सभेत एका जुन्या कप्तानाने उभं राहून सांगितलं की मासा संपत चाललाय, तर मला भांडायला आधार मिळेल."

मी लगेच कोट चढवून तुझ्याकडे आले. तू ऐकून घेतलंस, नाक खाजवलंस, आणि म्हणालास, "सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना. पट्टी घेऊन येऊ का दाखवायला?"

"आण."

सभेला हॉल गच्च भरला होता. पलीकडच्या खाडीतली लिअँडर स्नूकची टोळीही आली होती, आणि तुमच्या दोन टोळ्यांचं वैर आज्यापासूनचं. बायका मागे चहाच्या किटल्या घेऊन उभ्या. त्यांत तुझी थर्झा, नुकतंच लग्न झालेली. तिचा नवरा सेल्बी तुझ्याच होडीत काम करायचा.

डॉ. लोवेलने विचारलं, "मिस्टर फेल्थम, तुम्ही इथले सर्वांत अनुभवी. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने मासा कसा आहे?"

तू उठलास. कोटाच्या खिशात हात घातलास. पट्टीचं टोक बाहेर आलेलं मला दिसलं.

तेवढ्यात लिअँडर मागून ओरडला, "अरे हेड, तुला सापडत नसेल तर जागा आम्हाला दे! आमची बायकामंडळीसुद्धा भरून आणतील!"

सगळा हॉल हसला. तूही हसलास. तुझी नजर लिअँडरवरून मागे गेली, किटल्यांपाशी थोडी थांबली. मग हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"आहे," म्हणालास. "थोडा थोडा."

आणि बसलास!

डॉ. लोवेलने पेनाचं टोपण लावलं. दुसऱ्या कप्तानाला विचारलं, तोही तेच बोलला. लिअँडरही तेच. किनाऱ्याकिनाऱ्याने तो बिचारा शिंकत फिरला असेल आणि सगळीकडून हेच वाक्य घेऊन गेला असेल. मर्यादा जिथल्या तिथे राहिली.

सभेनंतर मी तुला धक्क्यावर गाठलं. आठवतं ना काय काय बोलले? छापता येण्यासारखं तेवढंच लिहिते.

"तुझी जीभ काय मांजराने नेली? लिअँडरच्या एका टोमण्याला घाबरलास?"

"लिअँडरला कोण घाबरतो! त्याला पोहता येत नाही."

"मग?"

तू बराच वेळ दोर गुंडाळत राहिलास. तो आधीच गुंडाळलेला होता.

"थर्झा उभी होती मागे," म्हणालास. "सेल्बी टोरांटोला जायचं म्हणतोय, त्याचा भाऊ बोलावतोय. मी त्यांना माझ्या कुंपणालगतची जमीन दिलीय. कोपऱ्यांना दगडसुद्धा मांडून झालेत. आता मीच भर सभेत उठून सांगू की इथे काही उरलं नाही?"

"अरे पण त्या घरात राहून ती खाणार काय? मासा नको का उरायला?"

"आधी घर तर बांधू दे, बाई."

मूर्ख माणसाशी भांडता येतं, बापाशी नाही. तरी मी भांडले. तू म्हणालास, "तू शाळेत बाई आहेस. धक्क्यावर पाय घसरेल, घरी जा."

घर झालं. पांढरं, हिरव्या चौकटींचं, कुंपणालगत. पहिलं मूल झालं, दुसरं झालं. पट्टी आणखी लहान झाली. तुझे तीनही ट्रॅप वर यायचे ते पाण्यातल्या शेवाळाने जड होऊन, आणि तळाशी हाताच्या पंजाएवढी माशांची पोरं. "ही तर अजून शाळेत जायच्या वयाची," तू म्हणालास एकदा. मी म्हटलं, "बरं झालं दिसलं." मग आठवडाभर आपण बोललो नाही.

ब्याण्णव सालच्या जुलैत रेडिओवर सांगितलं की कॉडची मासेमारी बंद. मर्यादा निम्मी नाही, पाव नाही, शून्य. जे शहाऐंशीत अर्ध्यावर भागलं असतं ते आता पूर्ण गेलं. लोक सरकारला शिव्या देत होते, ट्रॉलरना देत होते, मासे खाणाऱ्या सील प्राण्यांना देत होते. सगळ्या रास्तच असतील. मी मात्र खिडकीत उभी राहून तुला देत होते. तू ट्रॅप धुऊन, वाळवून, घडी घालून गोदामात ठेवलेस आणि दाराला कुलूप लावलंस. त्या गोदामाला कुलूप असतं हेच मला माहीत नव्हतं.

मग सरकारने तुम्हाला नवा धंदा शिकवायचं काढलं, आणि शिकवायला बोलावलं मला, निवृत्त झालेलीला. साठी उलटलेले कप्तान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. तू तिसरीत बसायचास तसाच, खिडकीकडे तोंड करून.

"हेडली, कॉम्प्युटर इकडे आहे."

"माझं लक्ष आहे बाई. वारा कुठून येतोय ते बघत होतो."

"कशाला? कुठे जायचंय?"

लिअँडर माझ्या अंगावर आला, "बाई, जरा जपून बोला." लिअँडर! तुझ्या बाजूने! त्या दिवशी मला कळलं की आपलं गाव संपलं.

सेल्बी वर्षभर थांबला. मग ते अल्बर्टाला तेलाच्या कामावर गेले, पोरं घेऊन. तू त्यांच्या घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यास. एक फळी वाकडी बसली होती, ती काढून सरळ ठोकलीस. मी कुंपणापलीकडे उभी होते. मला वाटलं, आता तरी हा काही बोलेल. तू तोंडातले खिळे काढून म्हणालास, "हिवाळा कडक आहे म्हणतात यंदा."

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात पुन्हा बातमी आली. समुद्र थोडा उघडायचा विचार आहे, पण मर्यादा किती ठेवायची हे ठरवण्याआधी जुन्या मच्छीमारांचं ऐकणार, क्लॅरनव्हिल शहरात सुनावणी. तू स्वतः चालत माझ्याकडे आलास. बर्फातून, काठी टेकत. चहा घेतलास, डब्यातलं दूध बेतानेच घातलंस.

"बाई, मी बोलणार."

"काय बोलणार?"

"की उघडू नका. निदान इतक्यात तरी. आणि उघडलंत तर भोकं मोठी ठेवा. पोरं सुटून जाऊ देत."

"आणि मासा कसा आहे म्हणून विचारलं तर?"

तू कपात बघितलंस. "'नाही' म्हणून सांगीन," म्हणालास. तुझ्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"लिअँडर हसला तर?"

"तोही येतोय. मी त्याला सांगितलंय, हसलास तर समुद्रात ढकलीन."

गुरुवारी निघायचं ठरलं. तुला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून गाडी मी चालवायची. तुझं नाव मी फोनवरून नोंदवलं. बुधवारी गाडीत पेट्रोल भरलं, दुपारच्या जेवणाला पाव आणि खारवलेलं मांस बांधलं.

बुधवारी संध्याकाळी तू बॅग घेऊन दारात. थर्झाचा फोन आला होता. तिसरं मूल वेळेआधी आलं, सेल्बी दूरच्या कामावर, मोठ्या दोघांना बघायला घरात कुणी नाही. विमान पहाटेचं होतं, पुतण्या सोडायला निघाला होता.

"जा," मी म्हटलं. "सुनावणीचं काय?"

"तू सांग ना माझ्या वतीने."

"माझं कोण ऐकणार? त्यांना मच्छीमार हवेत."

"मग महिन्याभरात येतोच मी. त्यांना म्हणावं थांबा."

गुरुवारी लिअँडरला ताप होता. मी एकटीच गेले. गरम हवा सोडलेल्या त्या खोलीत टेबलामागे चौघं बसले होते. दुपारी तुझं नाव पुकारलं. "हेडली फेल्थम, टिंकर्स आर्म." पुन्हा एकदा पुकारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, ते मुलीकडे गेलेत, महिन्याभरात येतील, थोडं थांबता येईल का? टेबलामागची बाई चांगली होती. म्हणाली, "काही हरकत नाही. टिंकर्स आर्मचं दुसरं कुणी मच्छीमार आहे का इथे?"

मी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तिने पुढच्या गावाचं नाव पुकारलं.