गरिबी अपलोड करा

स्कॉलरशिपचं पोर्टल चालू असतं त्यापेक्षा बंदच जास्त असतं. आणि बंद पोर्टलसमोर ताटकळणारी माणसं दुसरं काय करणार? किस्से सांगणार! आमच्या खिडकीत अर्ज कमी आणि किस्से जास्त साचलेत. अर्जांना निदान शेवटची तारीख असते, किश्शांना तीही नाही.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. आर्ट्स आणि फार्मसी एकाच आवारात, आणि दोन्हींच्या स्कॉलरशिपची जबाबदारी माझ्या गळ्यात. का, तर प्राचार्य म्हणाले, "तुम्ही इतिहासवाले. जुने कागद वाचायची सवय आहे तुम्हाला!" जोडीला आमचे डोंगरवारबाबू. बाबू कॉम्प्युटरवर बसतात, मी लोकांच्या शिव्या खातो. कामाची विभागणी अगदी चोख आहे.

*

एक राईस मिलवाले शेठ. त्यांचा मुलगा फार्मसीला. मुलगा येतो बुलेटवर, आणि उत्पन्नाचा दाखला असा की वाचताना डोळ्यांत पाणी यावं. त्या दाखल्यावर विश्वास ठेवला तर मिलमधली उंदरंसुद्धा शेठपेक्षा सुखात असावीत.

पैसे यायला उशीर झाला म्हणून एके दिवशी शेठ स्वतः आले. गाडी इतकी मोठी की गेटातून आत येईना. घाम पुसत समोर बसले आणि गोंदियाच्या हिंदीत सुरू झाले, "प्रोफेसर साब, इस देश में गरीब का कोई नहीं है!"

मी म्हटलं, "काय झालं शेठ?"

"अरे, तहसील के चक्कर काट-काट के मेरा ड्रायव्हर बीमार पड़ गया!"

यावर आम्ही आठवडाभर हसलो. मग एक अर्ज परत आला आणि हसू गेलं. त्याच ड्रायव्हरचा मुलगा आमच्याकडे बी.ए.ला आहे. शेरा होता, 'उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.' शेठनी आपला टॅक्स वाचवायला वहीत ड्रायव्हरचा पगार फुगवून दाखवला होता!

*

इटियाडोह धरणाच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या गावात मला अजून जायचं आहे. तिथं आधार कार्डाचं शिबिर झालं तेव्हा मोबाईल फक्त किराणावाल्या मोरेश्वरभाऊंकडे होता. शिबिरवाल्यांनी विचारलं, "मोबाईल नंबर?" गावानं एका सुरात मोरेश्वरभाऊंचा नंबर दिला.

तेव्हापासून आजपर्यंत अख्ख्या गावाचा ओटीपी मोरेश्वरभाऊंच्या फोनवर येतो. दुपारची झोप झाली की ते दुकानाच्या ओट्यावर बसतात आणि पोरं समोर ओळीनं उभी राहतात. झोपमोड केली तर ओटीपी मिळत नाही. नंबर बदलून घ्या म्हणून मी पोरांना कितीदा सांगितलं. पोरं म्हणतात, "सर, नंबर बदलाचा असन तरी पयले ओटीपी तेच्यावरच येते म्हणते!"

एका वर्षी अर्जाची शेवटची तारीख आणि मोरेश्वरभाऊंच्या साळ्याच्या पोराचं लग्न एकाच दिवशी आलं. लग्न बालाघाटला. भाऊ फोन घेऊन वऱ्हाडात गेले. आता? पोरांनी दोन काळीपिवळ्या ठरवल्या आणि अख्खी बॅच बालाघाटला पोचली. मांडवात नेटवर्क झकास. पोरं पंगतीत बसली, डाव्या हातात फोन, उजव्या हातानं वांग्या-आलूची भाजी. आणि मोरेश्वरभाऊंनी बँडवाल्याकडून माइक घेतला, "हेमंत मेश्राम, लिहून घे तुजा ओटीपी! चार... सात..."

नवरीच्या काकाला शंका आली. ही तीस पोरं कोणाची? लाडू वाढता वाढता त्यानं हेमंतला हटकलं, "क्यों भाई, लड़के वाले हो कि लड़की वाले?"

हेमंत तोंडातला घास गिळून म्हणाला, "हम ओटीपी वाले हैं!"

*

पोलीस भरतीवाला एक पोरगा होता. बारावीनंतर एक वर्ष गॅप. गॅप पडला की पोर्टल पुरावा मागतं, त्या वर्षात तुम्ही काय केलंत? बाकीची पोरं स्टॅम्प पेपरवर 'घरगुती अडचण' लिहून मोकळी होतात. हा खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "सर, मी वर्षभर धावून राहिलो होतो."

बाबू म्हणाले, "मंग धावल्याचा पुरावा लाव!"

बाबू चिडून बोलले होते, पण पोरानं ते मनावर घेतलं. झिजलेल्या बुटांच्या तळव्यांचा फोटो काढला आणि अपलोड केला. त्या वर्षी स्टॅम्प पेपरवाल्या सगळ्या 'घरगुती अडचणी' त्रुटीत निघाल्या. बूट मंजूर झाले!

*

सरकारी स्कॉलरशिप उशिरा येते, पण ती येताना फोटो तरी काढत नाही. खाजगी दात्यांचं तसं नसतं. आमच्या इथल्या एका ठेकेदारांनी आईच्या नावानं गरीब विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती जाहीर केली. मंडप, ढोल, शाली, जेवण. बॅनरवर ठेकेदार दरवाजाएवढे आणि आई पासपोर्ट साइज. विद्यार्थ्याला पुठ्ठ्याचा चेक दिला, पलंगाएवढा. खरा चेक 'प्रक्रियेत' आहे असं माइकवरून सांगितलं.

पोरगा तो पुठ्ठा घेऊन गावच्या एसटीत चढला. दारात अडकला, आडवा केला, उभा केला, दोन म्हाताऱ्या उठवल्या. कंडक्टर तिकीट फाडायला आला तेव्हा पोरानं खिसे चाचपले. खिशात काहीच नव्हतं. सगळी गाडी एकदा पोराकडे बघते, एकदा चेकवरच्या शून्यांकडे.

कंडक्टरनं पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला आणि घंटी मारत म्हणाला, "बस बाप्पा, बस! याचे सुट्टे माज्याजवळ नाई!"

*

आता प्रणाली पटलेबद्दल सांगतो. फार्मसीच्या पहिल्या वर्षाची मुलगी, आमगावजवळच्याच एका खेड्यातली. तिच्या बापानं पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं होतं, "सर, सरकारनं फीस भरली तं शिकन. पुरी फीस मले भरा लागली तं पोरगी घरी येईन. मंग पावणे पाहाले येतीनच." पोरगी बाजूला उभी राहून हे ऐकत होती. मला त्या माणसाचा राग आला, आणि तो खोटं बोलत नव्हता याचा जास्त आला.

स्कॉलरशिपसाठी बँक खातं आधारला जोडायचं म्हणून कॉलेजात शिबिर ठेवलं. शिबिर कधी? ऐन रोवण्यात! भाताची रोपं लावून लावून पोरींच्या बोटांच्या रेषा पार झिजलेल्या. प्रणालीनं मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. साबण लावला, खोबरेल लावलं, केसांवर घासला, लालच. बँकेचा पोरगा म्हणाला, "चार दिवस हाताला आराम द्या, मग या."

प्रणालीची आई सोबत होती. चिखलाच्या पायांनीच आली होती. म्हणाली, "देते जी आराम. तवरक आमच्या बांदीत रोवाले तुमी येता का?"

मशीनच बिघडलं असेल म्हणून प्राचार्य पुढे झाले आणि त्यांनी आपला अंगठा टेकवला. टेकवायचा अवकाश, हिरवा दिवा!

डोंगरवारबाबू त्या दिव्याकडे बघत म्हणाले, "सरांचा अंगठा एकदम नवा आहे. वापरलाच नाई!"

रोवणं संपल्यावर प्रणालीचा अंगठा एकदाचा लागला.

*

अंगठ्याचं निभावलं, पण जात पडताळणी राहिलीच होती. प्रणालीची सीट राखीव होती. पडताळणीचा दाखला, म्हणजे व्हॅलिडिटी, आली नाही तर सीटही जाणार आणि फीची सवलतही. चौकशीचे साहेब घरी येणार, बोलणार, अहवाल लिहिणार. त्या अहवालावर सगळं अडलेलं.

कागद सगळे होते. आजोबांच्या शाळेचा दाखलासुद्धा होता. भीती होती ती खुद्द आजोबांचीच!

आमच्याकडचे पोवार लोक, प्रणालीची जात तीच, शेकडो वर्षांपूर्वी माळव्यातून आले. कोणत्याही म्हाताऱ्या पोवाराला 'राम राम' म्हणा, दुसऱ्या वाक्याला तो धारच्या किल्ल्यावर पोचलेला असतो. प्रणालीचे आजोबा दशरथजी पटले तर त्यातले मेरुमणी. लग्नात, बारशात, तेरवीत, जिथं चार माणसं जमतील तिथं ते उभे राहतात आणि पूर्वजांना घोड्यावर बसवतात. गेल्या वर्षी शेजारच्या गावात एका म्हाताऱ्यानं चौकशीत असंच छाती फुगवून सांगितलं, "आमी माळव्याचे!" लिहिणाऱ्यानं शांतपणे लिहिलं, 'मूळ रहिवासी, मध्यप्रदेश.' परराज्यातल्याला इथलं आरक्षण नाही, त्या पोराचं प्रकरण अजून लटकलेलं आहे.

म्हणून मी आणि बाबू आदल्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. आयुष्यभर वर्गात स्थलांतरं शिकवली, आणि त्या दिवशी मीच म्हाताऱ्याला सांगत होतो की कोणी कुठून कुठं आलंच नाही!

"आजोबा, साहेबांनी विचारलं मूळचे कुठले, तर काय म्हणायचं?"

"इथलेच."

"आणि माळवा?"

म्हातारा नातीकडे बघून म्हणाला, "माळवा गेला खड्ड्यात."

मला वाईट वाटलं. ते बोलताना त्यांचा चेहरा घरातलं कोणी गेल्यासारखा झाला होता.

साहेब आले. खुर्ची, पंखा, पोहे. एकेक कागद बघितला, मान डोलावली. प्रणालीनं चहा आणून दिला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. साहेबांनी पेन काढलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलेच जी."

"पूर्वीपासून?"

"पयलेपासून. आमी कुठूनच नाई आलो."

बाबूंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. म्हणजे जिंकलो! साहेबांनी लिहिलं. पण सही करता करता थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "गंमत आहे! मीही पोवारच, तिरोड्याकडचा. आमचे पूर्वज माळव्यातून आले. सगळेच पोवार तिकडून आले म्हणतात. तुम्ही कुठूनच आला नाहीत, तर मग तुम्ही पोवार कसे?"

प्रणालीचा बाप माझ्याकडे बघत होता, आणि मी पोह्याच्या बशीत. माळव्याचे म्हणावं तर इथले नाही, इथले म्हणावं तर पोवार नाही. प्रणालीनं दाराची कडी घट्ट धरली होती.

दशरथजींनी नातीकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि साहेबांना विचारलं, "साहेब, तुमाले भेटली का जी व्हॅलिडिटी?"

"हो, भेटली ना! त्याशिवाय नोकरी कशी मिळेल?"

"मंग लिहा," म्हातारा म्हणाला. "तुमी समोरच्या घोड्यावर होते, आमी मांगच्या घोड्यावर. म्हणून तं तुमी खुर्चीवर जाऊन बसले, अना आमी अजून कागद दाखवून राहिलो!"

साहेबांनी चष्मा लावला आणि सही केली.