एक लाख एकाचा भागाकार

साल १९९५, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. रक्कम एक लाख एक रुपये. हजर: जमीनमालक गुजराती शेतकरी, गुजरातेतल्या आमच्या डिंडोलीच्या गल्लीतले दहा घरमालक, मी धरून, आणि दाराशी उभ्या राहिलेल्या टोकाच्या घरच्या वहिनी.

गल्ली मोठ्या रस्त्याला जोडायला मधली जमिनीची पट्टी घ्यायची होती. भाव एक लाख ठरला. आमच्याकडे शुभ कामाची रक्कम शून्यावर संपवत नाहीत. वर एक रुपया ठेवला की ती तुटत नाही, असं मानतात. वहिनींचे यजमान वारल्यापासून त्या घरी साड्यांना टिकल्या लावून संसार चालवत. म्हणून त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. दहा घरांचे दहा-दहा हजार जमले. अडलं ते वरचा रुपया कोणी द्यायचा यावर. गल्लीत सर्वांत मोठे आप्पा म्हणत, मान वयाचा. सौदा जुळवणारे भाऊ म्हणत, मान खटपटीचा. चहा निवून गेला. जमीनमालक हसून म्हणाला, "ए रुपियो हुं ज आपी दउं?" तो रुपया मीच देऊन टाकू का, असं.

तेवढ्यात वहिनींनी विचारलं, सौद्याच्या कागदावर आपलं नाव आहे का. आप्पा म्हणाले, तुम्हाला रस्त्यावर कोण अडवणार आहे.

"आज तुम्ही शेतस, आप्पा. उद्या तुमना पोऱ्या म्हणतीन, हाई गल्ली आमनी शे."

आप्पांनंतर त्यांची पोरं गल्लीवर हक्क सांगतील, असं सुनावून वहिनींनी पिशवीतून दहा हजार काढले आणि आमच्या पैशांशेजारी ठेवले. मग भाऊ पुटपुटले की आता अकरांत हिशेब बसायचा नाही, पैशापैशावरून भांडणं होतील.

मला आकड्यांची खोड आहे. संख्या अकराने जाते का हे बघायचं तर एकाआड एक अंक मिळवून दोन बेरजा करायच्या आणि वजाबाकी घ्यायची. इथे एक बेरीज एक, दुसरीही एक, बाकी शून्य, म्हणजे अकराने जाते. प्रत्येकी नऊ हजार एक्क्याण्णव बरोबर.

हे सांगितलं तर आप्पांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे तुटते की ही रक्कम."

"अकरांनीच तुटते, आप्पा. दहांनी नाही, बारांनीही नाही. आणि रुपया मग सगळ्यांचाच."

आप्पा भाऊंकडे वळले. मग म्हणाले, "लिहा वहिनींचं नाव."

पुढे एका रविवारी मी निवांत पडताळलं. एक लाख एक तीनने जात नाही, सातने नाही, तेराने नाही. आणि नऊ हजार एक्क्याण्णव तर कशानेच फुटत नाही. एकशे एकही तसेच. एक हजार एक मात्र सात, अकरा, तेरा, तिघांनीही तुटतात. हे आप्पांना सांगितलं नाही. लग्नाच्या आहेरात ते नेहमी तेवढेच देत.

त्या दिवशी जमीनमालकाला एक लाख एक रुपये मोजून दिले. जमले होते एक लाख दहा हजार; उरलेल्यातून अकरा घरांना प्रत्येकी नऊशे नऊ परत गेले, वहिनींनाही.