टेबलावर विसरलेला नवरा

गल्लीत तिला हळूबाई म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही आणि तिनंही कधी हरकत घेतली नाही. बोलणं हळू, चालणं हळू आणि हात तर इतका हलका, की पहिल्यांदा आलेला माणूस टेबलावर पालथा पडून मान वर करतो आणि विचारतो, "सुरू केलं का?" तोवर तिचं निम्मं काम उरकलेलं असतं.

पाठदुखीनं बेजार झालेल्या माणसाला खरं तर हवा असतो रगडा. कुणीतरी पाठीवर चढावं, कोपर खुपसावं, हाडं कडाकडा वाजवावीत, आपण "आई गं" करून ओरडावं, म्हणजे त्याला काहीतरी उपचार झाल्यासारखं वाटतं. हळूबाईकडे यातलं काहीच मिळत नाही. मणक्याच्या दोन्ही अंगांनी स्नायूंचे जे जाड पीळ खाली उतरतात, त्यांच्यावर ती अंगठा ठेवते. कातडी जेवढी सहज सरकेल तेवढीच बाजूला ओढते, क्षणभर थांबते आणि अंगठा पिळावरून अलगद पलीकडे नेते. दाब किती, तर मिटलेल्या पापणीला सोसेल इतका. असं कमरेशी, मग जरा वर, मग मांडीच्या मागे. आणि एवढं करून ती चक्क खोलीबाहेर निघून जाते.

"बाई पळाल्या की काय!" एक गिऱ्हाईक एकदा घाबरून ओरडलं होतं.

पळून जाणं हाच त्या उपचाराचा नियम आहे. तिला हे काम शिकवलं त्या मावशीनं. तरुणपणी हळूबाई कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. दिवसभर वाकून जड इस्त्री फिरवायची. एक दिवस पाठ अशी धरली की सरळच होईना. कुणीतरी मावशीकडे नेलं. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे, सगळ्यांचीच मावशी. तिनं दोन ठिकाणी हात लावला न लावला आणि बाहेर जाऊन चहा पीत बसली. हळूबाईला आधी राग आला, मग झोप आली आणि उठली तेव्हा पाठ मोकळी झालेली होती. तिनं इस्त्री सोडली आणि मावशीचा पदर धरला.

"आपण समोर उभे असलो की शरीर आपल्याकडे लक्ष देतं," मावशी सांगायची. "त्याला स्वतःकडे बघू दे की जरा. हात लाव आणि निघून जा."

हे असं का होतं, हे मावशीलाही नीट सांगता यायचं नाही आणि हळूबाईला तर आजही सांगता येत नाही. कुणी खोदून विचारलं तर ती गोंधळते. "डॉक्टरांना आधी दाखवलंय ना?" एवढं मात्र ती न चुकता विचारते. काहींना बरं वाटतं, काहींना नाही. ज्यांना वाटतं ते पुन्हा येतात, आणि तिला आत कुठेतरी धाकधूक असतेच की आपण खरोखर काही करतो, की नुसता हात फिरवतो?

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस बोलायला कमी, पण कामात वाघ. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणं, वरच्या मशिनच्या खोलीत लोखंडी शिडीनं चढणं, यातच त्याचा जन्म गेला. या वर्षी एका इमारतीत खड्ड्यातून वर येताना त्याची कंबर धरली. दोघांनी उचलून बाहेर काढला. डॉक्टरांनी फोटो काढला, नीट तपासलं आणि सांगितलं, हाड जागेवर आहे, स्नायू आवळलेत, औषध घ्या, थोडं थोडं चाला, वेळ लागेल. वेळच तर नव्हता. कंपनीनं सांगून ठेवलं होतं की महिनाअखेर त्यांचा डॉक्टर तपासणार. खड्ड्यात उतरून वर येता आलं तर कामावर, नाहीतर कायमचं गोदामात.

"मला बोल्ट निवडायला बसवणार," तो भिंतीकडे बघत म्हणाला. 

सकाळी तीच त्याच्या पायाशी बसून बुटांची नाडी बांधायची. तो गल्लीत थोडं चालून यायचा आणि आल्यावर तीच सोडायची. त्या वेळी तो छताकडे बघायचा. छताला काही नव्हतं, पण बघायचा.

आता तुम्ही म्हणाल, बायकोच्या हातात एवढं कसब असताना अडचण काय? अडचण हीच, की अख्ख्या गल्लीच्या पाठी तिचं ऐकत होत्या आणि घरची पाठ ऐकत नव्हती. ती रोज त्याला टेबलावर घ्यायची. अंगठा ठेवला की कळायचं, पीळ लाकडासारखा. ती हलका हात आणखी हलका करायची. मग वाटायचं, फारच हलका झाला, म्हणून जरा दाबायची. मावशीनं न सांगितलेल्या जागा धुंडाळायची. मग बाहेर जायची, थांबायची, आत येऊन विचारायची, "बरं वाटतंय का?"

"वाटतंय थोडं," तो म्हणायचा. आणि टेबलावरून उतरताना ओठ आवळायचा.

तिची मती गुंग झाली. बाकीच्यांना बरं वाटतं ते माझ्या हातानं नाही की काय? मग इतकी वर्षं मी केलं ते काय? की हातच गेला माझा? तिनं मावशीला फोन लावला. मावशी आता बरीच थकली आहे, पण आवाज तसाच खणखणीत.

"हात लावून बाहेर जातेस ना?" मावशीनं विचारलं.

"जाते की."

"नक्की जातेस?"

"अहो मावशी, जाते म्हणजे जाते! दार लोटून घेते!"

"मग मला काय ठाऊक," मावशी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. हळूबाईला रागही आला आणि रडूही. म्हातारी मदत करायची सोडून उलटतपासणी घेते म्हणजे काय!

महिनाअखेर जवळ आली तसा तिचा धीर सुटत चालला. अशाच एका दुपारी नवरा टेबलावर होता. तिनं कमरेशी अंगठा फिरवला, वरच्या अंगाला फिरवणार, तेवढ्यात जिन्यातून हाका सुरू झाल्या. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईची मुलगी ओरडत होती, आईची मान अडकली म्हणून. हळूबाई नवऱ्याला म्हणाली, "पडून राहा, आलेच," आणि तशीच खाली गेली.

शिंपीणबाई मशिनसमोर मान वाकडी करून बसली होती. सुईखाली अर्धवट शिवलेली बाही तशीच होती. "वहिनी, मला आता जगाकडे असंच तिरपं बघावं लागणार का हो?" ती रडत रडत हसत म्हणाली. हळूबाईनं तिला खाली निजवलं, मानेच्या बुडाशी हलकेच हात फिरवला आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या खोलीत गेली. तिथं कपड्यांचा ढीग होता. हात रिकामे कसे ठेवायचे, म्हणून ती घड्या घालत बसली. जुन्या सवयीचं काम, मन लागलं. मग आत जाऊन पुन्हा हात फिरवला, पुन्हा घड्या. मान हळूहळू सरळ व्हायला लागली, तशी शिंपीणबाईची जीभही सुटली. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं झंपर उसवलं, सगळं ऐकून झालं.

"आणि भाऊजींची पाठ काय म्हणते?" शिंपीणबाईनं विचारलं.

हळूबाईच्या हातातली घडी खाली पडली. "अगंबाई! ते टेबलावर आहेत!"

जिना तिनं कसा चढला ते तिचं तिला माहीत. जन्मात पहिल्यांदा हळूबाई धावली म्हणून त्या मजल्यावरची माणसं दारात आली. तिला वाटलं, एकटे उतरायला गेले असतील, पडले असतील. दार ढकललं तर नवरा कुशीवर वळून, एक हात टेबलाखाली लोंबता सोडून, घोरत होता. कित्येक दिवसांत तो कुशीवर वळला नव्हता. तिनं भीत भीत पाठीला बोटं लावली. लाकूड गेलं होतं, पाठ माणसाची झाली होती.

आता आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या मागोमाग गोंधळ आला तो जाईना. त्या दिवशी तर तिनं काम अर्धवट टाकलं होतं! वरच्या अंगाला हातही लागला नव्हता. मग गुण कशानं आला? दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम तेवढंच केलं, कमरेशीच अंगठा फिरवला आणि बाहेर येऊन उभी राहिली. आत आली तर पाठ पुन्हा लाकूड. तिला स्वतःचे हात तोडून फेकावेसे वाटले.

"काय चुकतंय माझं?" ती टेबलाशी उभी राहून म्हणाली. "सांगा ना. तुम्हाला माहीत असलं तर सांगा."

नवऱ्यानं मान दाराकडे वळवली. मग पालथ्या पालथ्याच म्हणाला, "तू बाहेर जात नाहीस."

"म्हणजे? आत्ताच तर गेले होते!"

"दाराखाली फट आहे. मला इथून दिसते." त्यानं बोट दाखवलं. "तुझ्या पायांची सावली पडते. दोन पावलं. हलत नाहीत. मग मीही हलत नाही."

ती वाकून फट बघू लागली.

"मला वाटतं, आता ही येणार आणि विचारणार, बरं वाटतंय का. मी काय सांगू? खोटं सांगितलं तर तुला कळतं. खरं सांगितलं तर तुझं तोंड उतरतं. म्हणून पडल्या पडल्या उत्तर जुळवत बसतो."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी सावली नव्हती." तो जरासा हसला. "लिफ्टचा ब्रेक कसा असतो, ठाऊक आहे? लोकांना वाटतं, दाबला की लागतो. तसं नाही. तो लागलेलाच असतो. वीज दिली की उघडतो, वीज तुटली की आपोआप आवळतो. म्हणून तर माणसं पडत नाहीत. माझंही तसंच झालंय बहुतेक."

"मग वीज कोण देणार?"

"ते मला काय विचारतेस? त्यातलं तुला कळतं."

ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. परक्या माणसांना हात लावून ती खुशाल भांडी घासायला जात होती आणि आपल्या माणसाच्या वेळी दाराला चिकटून उभी होती. या उभं राहण्यालाच ती इतकी वर्षं माया म्हणत आली होती. त्याचं ओझं त्याच्या पाठीवर पडत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग काय करायचं, काळजी करायचीच नाही? ती कशी बंद करतात? हे मावशीनंही शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल आणि हिला कळलं नसेल.

काळजी बंद झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी हात लावून झाल्यावर तिनं चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिना उतरून थेट रस्त्यावर गेली. तिथं तिला करण्यासारखं काहीच नव्हतं. समोर एक माणूस सायकलचं पंक्चर काढत होता, ती ते बघत राहिली. पाय सारखे घराकडे वळत होते. तिनं ते वळू दिले नाहीत. परत आल्यावर तिनं काही विचारलं नाही. नवऱ्यानंही काही सांगितलं नाही. रोज असंच चाललं. गल्लीला वाटलं, दोघांचं भांडण झालंय.

तपासणीच्या सकाळी तिनं त्याच्या बुटांची नाडी बांधली. "येतो," तो म्हणाला. "या," ती म्हणाली. बाकीचं सगळं तिनं गिळलं.

दिवसभर तिला काही सुचेना. आलेल्या बाईला तिनं डाव्याऐवजी उजव्या कुशीवर निजवलं. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. नेहमीची होती की जड, हे तिला ओळखता येईना. नवरा आत आला आणि स्टुलावर बसला. चेहऱ्यावरून काही कळेल तर तो माणूस कसला! ती सवयीनं त्याच्या पायाशी वाकली.

"राहू दे," तो म्हणाला.

तो स्वतःच खाली वाकला. मध्ये एकदा थबकला, श्वास घेतला, आणखी वाकला आणि त्यानं आधी एका बुटाची, मग दुसऱ्याची नाडी सोडली. "सोमवारपासून कामावर," हे त्यानं बूट कोपऱ्यात ठेवता ठेवता सांगितलं.

हळूबाईला रडू फुटलं. हातानं झालं, की बाहेर जाण्यानं, की डॉक्टरांच्या गोळ्यांनी, की नुसत्या दिवसांनी, तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि रडणं थांबत नव्हतं. नवरा तिच्याकडे बघत राहिला. का रडतेस, बरं वाटतंय का, असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं. ते त्यानं विचारलं नाही. तिच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला, हलकाच, आणि उठून स्वयंपाकघरात गेला. जाताना दार लोटून घेतलं.

तिनं डोळे पुसून दाराखालच्या फटीकडे पाहिलं. सावली नव्हती. आतून भांडं घासल्याचा आवाज यायला लागला. मग ती टेबलाच्या कडेला बसली आणि मनसोक्त रडली.