यंत्र कोणाचं

आमच्या परसातल्या सर्वांत उंच माडाला मी तांब्याची तार बांधून घेतली, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "एवढ्या वर धोतरं वाळत घालायला कोण चढणार?" आई हसली, मीही हसलो. आठ दिवसांनी फौजदार दारात उभा राहिला तेव्हा कोणी हसलं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मुंबईला इंटरपर्यंत शिकून रत्नागिरीला परत आलो होतो आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्याची नोकरी करत होतो. हुद्दा याहून मोठा होता, काम एवढंच. मुंबईत एका मित्राच्या गच्चीवर मी हौशी लोकांचं बिनतारी पाहिलं होतं. घरी बनवलेलं यंत्र, बोटाने दाबायची एक चावी, कानाला हेडफोन, आणि टिंब-रेघांच्या भाषेत कुठल्या कुठल्या अनोळखी माणसाशी विचारपूस. ते वेड मी आगबोटीतून घरी घेऊन आलो. दीड वर्ष खपून ऐकायचं यंत्र बनवलं, मग पाठवायचंही बनवलं; माडावरची तार त्यांच्यासाठीच. गावात वीज नव्हती. मोटारींच्या गॅरेजात बॅटरी भरून घ्यायची आणि हातगाडीवर घालून घरी आणायची.

पाठवायच्या यंत्राला सरकारचा परवाना लागे आणि त्यासाठी मुंबईला परीक्षा द्यावी लागे. मी अर्ज केला होता. परवाना हातात पडेपर्यंत चावीला हात लावायचा नाही, हा नियम मला पाठ होता. तरी मी दोनदा लावला होता. दोन्ही वेळा कोणी उत्तर दिलं नाही. हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

मिठाच्या सत्याग्रहाला चार-पाच वर्षं होऊन गेली होती, पण गावात कोणाकडे कोण उतरतं, कोणाला कुठून पत्र येतं, यावर सरकारचा डोळा असे. त्यात माझे वडील सरकारी कचेरीत कारकून, पेन्शनला तीन वर्षं उरलेली. फौजदार त्यांना ओळखत होता. खुर्चीवर बसून त्याने आधी पाणी मागितलं आणि मग म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या घरात हे असलं निघावं?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्जाची पोच दाखवली. फौजदाराने ती दोनदा वाचली, यंत्र पत्र्याच्या ट्रंकेत घालायला लावलं आणि कुलपावर लाख ओतून सील केलं.

"परीक्षेचा निकाल लागेपर्यंत हिला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "पास झालात तर मी स्वतः येऊन सील काढीन. नाही झालात तर पंचनामा. मग यंत्र ज्याचं, त्याचं नाव वर जाईल."

वर म्हणजे कुठे, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मुलाचं नाव वर गेलं तर बापाची नोकरी खाली येणार, हे न सांगता कळण्यासारखं होतं. त्या दिवसापासून वडील माझ्याशी बोलेनासे झाले. ट्रंक माजघरात होती. आई रोज तिच्याभोवती झाडू फिरवायची आणि पुटपुटायची, "हिला आता हळदकुंकू तेवढं वाहायचं राहिलंय."

परीक्षेला अडीच महिने होते. लेखी भागाची मला भीती नव्हती. भीती होती ती टिंब-रेघांची आणि हवेत बोलण्याच्या रीतीची. त्यासाठी मी आमच्या आळीतल्या तारमास्तरांकडे गेलो. पोस्टाच्या तारखात्यात सगळी हयात घालवून ते निवृत्त झाले होते. मूळचे हेदवीचे. नोकरीत अर्धा मुलूख फिरले, पण बोली घरचीच राहिली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात एक जुना पितळी ठोका होता, तारेतून आलेला संदेश खटखट वाजवून सांगणारा. तो त्यांनी माजघरात ठेवला, मला पडवीत बसवलं आणि मध्ये तार ओढली.

माझ्याकडे नियमांचं इंग्रजी पुस्तक होतं. मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवत असे. बोलण्याआधी ऐका. ज्या लहरीवर बोलायचं ती कोणी वापरत नाही ना, ते विचारा. समोरच्याचं नाव तीनदा, मग आपलं. प्रत्येक संभाषण वेळेसकट वहीत लिहा. तिऱ्हाइताचा निरोप पोचवू नका. राजकारण बोलू नका. कोणी बुडत्याची हाक दिली तर सगळ्यांनी गप्प बसा आणि लिहून घ्या. मास्तर पान चघळत ऐकायचे. "मुंजीतल्या बटूला सांगतात तसा सांगितलाय सगळा," ते एकदा म्हणाले, "पण बरा सांगितलाय."

एका गोष्टीत मात्र त्यांचा पुस्तकापेक्षा स्वतःवर जास्त भरवसा होता. तारेवर संदेश घेताना शब्द निसटला तर तारवाला तिथल्या तिथे आपली चावी हलवतो. पलीकडच्याला ते लगेच कळतं, तो थांबतो, आणि तुम्ही शेवटचा मिळालेला शब्द सांगितलात की तिथून पुढे सुरू करतो. याला ते अडवणं म्हणत. "नाय कळला तर अडव. लाज कसली त्यात? मनाने भरलेला शब्द खोटा. कोणाच्या घरी रडारड होईल त्या शब्दापायी." माझा उजवा हात पेन्सिलीवर आणि डावा चावीवर असे. मुद्दाम ते एखादा शब्द पुसट वाजवायचे. मी अडवलं नाही की ठोका बंद करून उठून यायचे आणि माझ्या कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवून उभे राहायचे. महिन्याभरात माझा डावा हात मला न विचारता हलायला लागला. मास्तर खूश झाले, मीही झालो.

बिनतारीत अडवता येत नाही, हेही आम्ही दोघांनी वाचलं होतं. पाठवणाऱ्याला पाठवताना ऐकू येत नसतं. मध्येच चावी दाबली तर तो थांबत नाही, फक्त त्याचं बोलणं ऐकणाऱ्या सगळ्यांच्या कानात गोंधळ होतो. शब्द निसटला तर कागदावर तेवढी जागा मोकळी सोडायची, समोरच्याचं संपू द्यायचं आणि मग अमक्या शब्दानंतरचा पुन्हा सांगा म्हणायचं. मी ते पुस्तकातून घडाघडा म्हणून दाखवलं आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो.

एप्रिलात आगबोटीने मुंबईला गेलो. निघताना वडील ओटीवर होते. ते म्हणाले, "नीट जा." अडीच महिन्यांत ते माझ्याशी बोललेले पहिले शब्द होते.

परीक्षक शांत, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. लेखी झालं. ऐकून लिहिणं झालं. हेडफोनमधला बारीक सूर आणि मास्तरांचा पितळी ठोका यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण दोन मिनिटांत कान बसला. पाठवणं झालं. शेवटी खोटं खोटं संभाषण. मी एका खोलीत, परीक्षक दुसऱ्या खोलीत, दोघांच्या कानाला हेडफोन. मी आधी ऐकलं, लहर मोकळी आहे का विचारलं, रीतसर हाक दिली. उत्तर आलं. परीक्षक आपलं ठिकाण, हवामान, यंत्राची माहिती सांगू लागले. मी लिहीत होतो. खाली रस्त्यावर ट्रामने घंटा बडवली आणि एक शब्द गेला.

माझा डावा हात हलला.

पुढचं सगळं मला त्याच क्षणी कळलं. कानात दोन सूर एकमेकांवर आदळले आणि मग काहीच नाही. परीक्षक हेडफोन गळ्यात घालून माझ्या खोलीत आले. रागावलेले नव्हते, हेच जास्त वाईट होतं. त्यांनी विचारलं, "शब्द निसटला तर काय करायचं असतं?" मी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "मग तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "पावसाळ्यानंतर पुन्हा या."

परतीच्या बोटीत माझ्या मनात नुसता राग होता. तो फौजदारावर नव्हता, स्वतःवरही नव्हता. बोट लांब समुद्रात उभी राहिली, पडावातून आम्हाला भगवती बंदरावर आणलं, तर काठावर मास्तर छत्री टेकून उभे. एवढ्या उन्हात ते तिथवर चालत आले होते.

"काय झाला?"

"नापास."

"वेग कमी पडला?"

"नाही."

"मग लिहिण्यात चूक?"

"एकही नाही. तुम्ही मला अडवायला शिकवलंत, मी अडवलं. तारेच्या जमान्यातली माणसं तुम्ही, बिनतारीतलं काही कळत नव्हतं तर आधीच सांगायचं."

हमाल ऐकत होते. मास्तरांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग "चल, घरी वाट बघतायत," एवढंच म्हणाले आणि माझी पिशवी घ्यायला हात पुढे केला. मी दिली नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

चौथ्या दिवशी सकाळी फौजदार दोन पंच घेऊन आला. निकाल त्याला आमच्या आधी माहीत होता. वडील कचेरीत जायच्या कपड्यांत होते, डोक्यावर पागोटं, आणि ते काढायचंही त्यांना सुचलं नाही. आई माजघराच्या दारात. ट्रंक ओटीवर आणली. फौजदाराने मांडीवर कागद घेतला आणि विचारलं, "यंत्र कोणाचं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर बोल म्हणत होती की गप्प राहा म्हणत होती, हे मला आजही सांगता येत नाही. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "यंत्र माझा."

मास्तर कधी येऊन उभे राहिले होते कोणास ठाऊक. ते वर आले आणि फौजदारासमोर बसले. "माझ्या घरात जागा नाय, म्हणून इथे ठेवला होता. पोरगा माझ्याकडे शिकतो, एवढाच त्याचा संबंध."

फौजदार मूर्ख नव्हता. अर्ज कोणाचा होता, तार कोणाच्या माडावर होती, सगळं त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "मास्तर, नीट विचार करून सांगा. हे कागदावर जाणार आहे."

"उभी हयात कागदावर जाणाऱ्या गोष्टीच सांगितल्या मी. लिहा तुम्ही."

त्याने लिहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य होतं, तीन शब्दांचं. मी ते मनात जुळवत राहिलो आणि तोवर मास्तरांनी सही केली. पंचांबरोबर घरच्या कर्त्याचीही सही हवी होती, ती वडिलांनी केली. त्यांचं अक्षर नेहमी मोत्यासारखं, त्या दिवशी बिघडलं. सगळे गेल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?" वडील कचेरीत निघून गेले.

यंत्र जप्त झालं. मास्तरांवर खटला झाला नाही. चौकशी संपेपर्यंत दर सोमवारी चौकीवर येऊन हजेरीच्या वहीत सही करायची, असं ठरलं. दारूच्या भट्ट्या लावणाऱ्यांच्या आणि दोन चळवळवाल्यांच्या ओळीत एका तारमास्तराचं नाव. पावसाळाभर ते दर सोमवारी दहा वाजता स्वच्छ कोट घालून, छत्री घेऊन आमच्या घरावरून जायचे. मी त्या वेळेला मागल्या दारी काहीतरी काम काढायचो.

त्यांनीच एके दिवशी निरोप पाठवला, शिकवणी का थांबली म्हणून. मी गेलो आणि पायांवर डोकं ठेवलं. बंदरावरच्या बोलण्याची माफी मागितली. "खरा तेच बोललास," ते म्हणाले. "आता डावा हात मांडीखाली घेऊन बस." पडवीत पुन्हा तार ओढली. ते शब्द पुसट वाजवायचे, मी जागा मोकळी सोडायचो. माझा हात मांडीखाली तडफडायचा. मधूनमधून माजघरात त्यांचा ठोका थांबायचा. मी अडवीन म्हणून तेच सवयीने वाट बघत असायचे. मग स्वतःवरच चिडायचे आणि पुढे वाजवायचे. चार महिन्यांनी दोघांचीही सवय मोडली.

पावसाळा सरून आगबोटी पुन्हा सुरू झाल्यावर मी मुंबईला गेलो आणि पास झालो. परवाना टपालाने आला तो सोमवार होता. मी धावत मास्तरांकडे गेलो. ते कोट चढवत होते. त्यांनी चष्मा लावून परवाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, अटींसकट, आणि घडी करून माझ्या खिशात ठेवला.

"आता तुझा यंत्र मागता येईल," ते म्हणाले. मग दोघांच्याही लक्षात आलं की कागदावर ते माझं नव्हतं.

"चौकीपर्यंत चल," ते म्हणाले. "हल्ली गुडघा धरतो."

मी त्यांचा हात धरून निघालो. वाटेत त्यांनी परीक्षेतलं सगळं खोदून खोदून विचारलं. परवाना खिशात होता. तो टेबलावर ठेवायचा आणि यंत्र माझं होतं म्हणायचं, एवढंच करायचं होतं. वडिलांच्या पेन्शनला सव्वादोन वर्षं उरली होती, तेही मी मोजलं. चौकीच्या फाटकाशी मास्तर थांबले, माझ्या हातातून आपला हात सोडवला आणि छत्री माझ्याकडे दिली.

"तू इथेच राह," ते म्हणाले. "आत तुझा काय काम नाय."

ते पायऱ्या चढून आत गेले. मी छत्री घेऊन बाहेर उभा राहिलो.